मदत हवी आहे : नळीने आहार वेळेवर देतेय, तरी वजन उतरतंय

सिंहगडरोड_७
नवऱ्याच्या डोक्याला मार लागून अडीच महिने झाले. आता घरी आहे. नाकातल्या नळीने दर दोन तासांनी २०० मिली देते, रात्रीही गजर लावून उठते. तरी गालफडं बसलीत, मांड्यांची नुसती हाडं राहिलीत. चार दिवस जुलाब. फिजिओथेरपिस्टने बसवलं की दोन मिनिटांत मान टाकतो. कोणती पावडर सुरू करू? लवकर सांगा.

पेठेतला
२०० मिली कशाचे? वजन किती होतं, आता किती? नवीन औषध काही?

कात्रजचा_घाट
अपघात नवले पुलाजवळ झाला का? हेल्मेट होतं? पुण्यात सक्ती म्हटलं की लोक मोर्चे काढतात.

पेठेतला
तो धागा वेगळा काढा. ताईंना आत्ता उत्तर हवंय.

सिंहगडरोड_७
डाळीचं पाणी, पेज, ताक, नारळपाणी, भाज्यांचं सूप. सगळं दोनदा गाळून, नाहीतर नळी चोंदते. आधी ६८ किलो, आता ५५. दिराने उचलून काट्यावर उभं राहून, मग स्वतःचं वजा केलं. अँटिबायोटिक गेल्या आठवड्यात सुरू झालं.

वाटी_चमचा
मी आहारतज्ज्ञ. ताई, डाळ गाळणीवर राहतेय आणि नळीत पाणी जातंय. ६० किलोच्या माणसाला अशा वेळी साधारण १५०० ते १८०० कॅलरी आणि ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या यादीत त्याच्या निम्मंही नसावं. दूध, अंडं, शिजवलेली डाळ, तेल मिक्सरमधून अगदी बारीक करून देता येतं, किंवा तयार फॉर्म्युला. पण प्रमाण त्याचे रिपोर्ट पाहून ठरवायचं, इतके दिवस उपासमार झाली असेल तर एकदम वाढवायचंही नाही. जुलाब अँटिबायोटिकने असू शकतात, डॉक्टरांना कळवा. फिटची गोळी फेनिटॉइन असेल तर आहार आणि गोळीत किती अंतर ठेवायचं तेही विचारा, दोन्ही एकत्र दिलं की औषध नीट शोषलं जात नाही.

औंधकर
नाकातली नळी काढून पेग बसवा, म्हणजे पोटाच्या त्वचेतून थेट जठरात जाणारी नळी. भावाचं तेच केलं, पंधरा दिवसांत अंग धरलं.

वाटी_चमचा
पेगचा विचार आता व्हायलाच हवा, पण त्यातूनही डाळीचं पाणीच गेलं तर अंग कसं धरणार?

धायरी_फाटा
हवा भरायची गादी भाड्याने हवी असेल तर सांगा.

सिंहगडरोड_७
आज सासूबाईंनी दोन चमचे चहा तोंडाने दिला. खोकला नाही आला. म्हणजे गिळता येतंय ना?

पेठेतला
नाही! वडिलांना न खोकताच छातीत गेलं होतं, न्यूमोनिया झाला. स्पीच थेरपिस्टने गिळणं तपासेपर्यंत थेंबही नको, त्यात चहा-पाण्यासारखं पातळ तर सगळ्यात अवघड. आहार देताना उशाकडचा भाग ३० ते ४५ अंश वर, नंतरही तासभर तसाच. आणि दर वेळी आधी नाकाजवळची खूण बघता ना?

सिंहगडरोड_७
कुठली खूण?

पेठेतला
नळीवर आकडे असतात. नाकपुडीशी कोणता आकडा आहे तो डिस्चार्जच्या कागदावर असेल, किंवा तिथेच मार्करने रेघ मारलेली असेल. ती सरकली असेल तर नळी जागेवरून हललेली असू शकते, मग फीड छातीत जाऊ शकतं.

सिंहगडरोड_७
रेघ आहे. नाकापासून दोन बोटं बाहेर आलीय. काल अंग पुसताना चिकटपट्टी सुटली होती, मी परत लावली. आठचं फीड भरून ठेवलं होतं, ते देत नाही. डॉक्टरांना फोन लावते.