जेटमध्ये तार घालू नका

गाडीच्या कार्ब्युरेटरमधलं जेट (पेट्रोल ज्यातून जातं तो बारीक भोकाचा तुकडा) तारेने साफ करा असा सल्ला कोणीतरी दिलाय, तो कृपया कोणी ऐकू नका. जेट पितळेचं असतं, पायलट जेटचं (आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, पेट्रोल देणाऱ्या जेटचं) भोक अर्ध्या मिलिमीटरहून लहान, त्यात स्टीलची तार फिरवली की ते मोठं होतं आणि मग कितीही ट्यूनिंग करा गाडी पेट्रोल पीतच राहते. कार्ब क्लीनरचा फवारा मारा, फारच अडकलं असेल तर ब्रशचा नायलॉनचा एक केस घाला आणि उजेडासमोर धरून बघा, भोक गोल आणि लख्ख दिसलं पाहिजे. पायलट जेटला बाजूनेही बारीक आडवी भोकं असतात, ती लोक हमखास विसरतात आणि मग आयडलिंग बसत नाही म्हणून रडतात.

लिंबू, व्हिनेगरमध्ये उकळायचं तर नावच नको, कार्ब्युरेटरची बॉडी काळी पडते. क्लीनरआधी ओ-रिंग, डायफ्राम सगळं काढा, रबर फुगतं. एअर स्क्रू (आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारा) काढायच्या आधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे गेले ते लिहून ठेवा, परत बसवताना तेवढेच सोडायला, हे फार महत्त्वाचं.

आणि प्लीज, हे काम किचनमध्ये नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते, मुंबईतल्या एवढ्याशा घरात गॅस कितीसा लांब असणार? खाली मोकळ्या जागेत बसा.

पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून ड्रेन स्क्रूने बाउल (कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी) रिकामा करा, इथेनॉलवालं पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढतं. गॅस्केट किट कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघा, जुना बाउल सोबत न्या.