एकटा, एकल की सडा? नीसमधल्या दोन रात्रींसाठी शब्द

प्रश्न

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहरात एकट्याने दोन रात्री राहून येणाऱ्यांसाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करतो आहे. काही शब्दांवर गाडी अडली आहे. सोलो ट्रॅव्हलरला 'एकटा प्रवासी' म्हटलं की तो बिचारा वाटतो. बीचला एका पानावर 'पुळण' झालंय, दुसऱ्या पानावर 'चौपाटी'. प्रोमेनाडला काही सुचतच नाही. शॉर्ट व्हिजिटला 'धावती भेट' केलंय, ग्लॅमरसला 'मोहमयी'. जाणकारांनी मसुदा तपासावा.

उत्तर

'एकटा' हे विशेषण म्हणून आलं की त्यात पोरकेपणा येतो, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण तोच शब्द क्रियाविशेषण करून पाहा: 'एकट्याने फिरताना', 'एकटीने जायचं असेल तर'. बिचारेपण गळून पडतं, कारण आता तो माणसाचा गुण उरत नाही, प्रवासाची रीत होते. शिवाय 'एकटीने' लिहायची सोय राहते. माहितीपत्रकात ही सोय मोलाची आहे, कारण रात्री उशिरा कुठून चालावं यासारख्या सूचना बायका जास्त बारकाईने वाचतात.

'एकल' टाळा. एकल पालक, एकल महिला हे शासकीय योजनांमधून रुळलेले शब्द आहेत. तिथे एकल म्हणजे जोडीदार नसलेला. घरी नवरा आणि दोन मुलं ठेवून नीसला जाणारी बाई एकल नाही, ती एकटीने निघाली आहे एवढंच. 'एकांडा'मध्ये झुंजार छटा आहे, तो शिलेदारालाच शोभतो. 'एकट्यादुकट्याने' तर नकोच. तो शब्द मराठीत बहुधा 'जाऊ नये' हे सांगायलाच येतो.

उत्तर

वरच्या यादीत 'सडा' राहिला. बाजारबुणगे मागे ठेवून निघते ती सडी फौज. सडा म्हणजे बायकामुलांचा आणि सामानाचा लबेदा बरोबर नसलेला. एका पाठपिशवीवर निघालेल्या माणसाला इतका नेमका जुना शब्द दुसरा नाही. 'सडाफटिंग'मुळे तो बदनाम झाला आणि स्त्रीलिंगी 'सडी' आज कानाला खटकतं, म्हणून सगळीकडे वापरता येणार नाही. पण सामानाच्या परिच्छेदाला 'सडं निघा' हे शीर्षक चालेल. एकट्याला ते लागूही पडतं: तिकीट यंत्रापाशी उभं असताना बॅगेवर नजर ठेवायला दुसरं कोणी नसतं, म्हणून एकच नग, तोही पाठीवर.

उत्तर

पुळण आणि चौपाटी, दोन्ही काढा. हा शैलीचा प्रश्न नाही, वाचणाऱ्याच्या पायाचा आहे. पुळण म्हणजे वाळू, आणि नीसचा किनारा गोट्यांचा आहे. आल्प्समधून येणाऱ्या वार नदीने वाहून आणलेले राखाडी, गुळगुळीत गोटे. 'खडकाळ किनारा'ही चूक, कारण खडक जागचा हलत नाही आणि हे गोटे पायाखाली सतत सरकतात. 'खडे' लहान पडतात, 'धोंडे' मोठे. पाण्याने घासून गोल झालेला तो गोटा. तुळतुळीत डोक्याला चमनगोटा म्हणतात ते याच गुळगुळीतपणावरून. सरळ 'गोट्यांचा किनारा' लिहा.

पुळण वाचून निघालेला माणूस रबरी चपला घालून जातो आणि त्या पाण्यात निसटतात. मागे पट्टा असलेले, जाड तळव्याचे पाण्यातले बूट हवेत. बसायला पंचा पुरत नाही, जाड चटई लागते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तळ चार पावलांत खोल होतो आणि लाट परतताना गोट्यांसकट पाय ओढते. बाहेर येताना परतणाऱ्या लाटेच्या विरुद्ध उभं राहायचा प्रयत्न केला की पडायला होतं. येणाऱ्या लाटेबरोबर वर सरकायचं, वेळ पडली तर हात टेकून. जीवरक्षकांच्या ठाण्यावर झेंडा असतो: हिरवा, पिवळा, लाल. लाल असेल तर पाण्यात उतरायचं नाही.

आणखी एक, 'खासगी किनारा' हा शब्दप्रयोग दिशाभूल करतो. तिथला किनारा सार्वजनिक मालकीचाच आहे. काही पट्टे मुदतीने चालवायला दिलेले असतात आणि तिथे आरामखुर्चीचे पैसे पडतात. आपल्याकडे याला 'मक्ता' हा चोख शब्द आहे. 'मक्त्याचा पट्टा' आणि 'मोफत पट्टा' अशी जोडी करा. पैसे खुर्चीचे, पाण्याचे नाहीत, हे वाचणाऱ्याला लगेच कळेल.

प्रश्नकर्ता

आभार. मसुद्यात एक वाक्य असं आहे: 'उधाणाच्या वेळी पाण्यात उतरू नये, ओहोटीला सुरक्षित.' हे चालेल ना?

उत्तर

नाही चालणार. वाक्य शुद्ध आहे, पण समुद्र चुकला. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, तिची जोडी अष्टमीच्या सुमाराचा भांग. वर्तमानपत्रांनी कुठल्याही खवळलेल्या पाण्याला उधाण म्हणायची सवय लावली आहे. भूमध्य समुद्रात नीसजवळ भरती-ओहोटीचा फरक वीतभराचा. तिथल्या लाटा वाऱ्याच्या, चंद्राच्या नव्हेत. म्हणून 'ओहोटीला सुरक्षित' हे धोक्याचं वाक्य आहे. माणूस ओहोटीची वाट बघत बसेल आणि ती दिसणारच नाही. 'वारा सुटून समुद्र खवळला असेल तर उतरू नये' एवढं पुरे.

उत्तर

प्रोमेनाडबद्दल. सामान्यनाम म्हणून 'किनाऱ्यालगतचा फिरायचा रस्ता' असं उलगडून लिहा, सागरी पदपथ वगैरे घडवू नका. पण विशेषनाम भाषांतरित करू नका: 'प्रोमनाद देझांग्ले'. एकदाच अर्थ द्या, 'इंग्रजांची फिरायची वाट'. १८२० च्या दशकात तिथे हिवाळा काढणाऱ्या इंग्रजांच्या पैशातून ती आधी पायवाट म्हणून झाली. पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी फ्रेंच नावच असतं, त्यामुळे कानाला ते ओळखीचं हवं. शहराचं नावही नीस, 'नाइस' नव्हे. लांबी सुमारे ७ किलोमीटर, तेव्हा 'फेरफटका' म्हणू नका. एका दिशेला दीड तास लागतो आणि सावली तुटपुंजी. चालायच्या पट्ट्याला लागून सायकलींचा पट्टा आहे, फोटो काढता काढता लोक त्यात शिरतात, तेही लिहा. वाटेवर बसायला ठेवलेल्या निळ्या खुर्च्या मात्र फुकट.

उत्तर

'धावती भेट' मंत्र्यांची असते. 'उभ्या उभ्या' म्हणजे टेकायलाही वेळ नाही. तुमचा माणूस राहतोय, म्हणून 'दोन रात्रींचा मुक्काम'. रात्रीच मोजा, दिवस नको. तिथला मुक्काम कर माणशी दर रात्रीचा असतो आणि खोलीच्या दरात तो धरलेला असेलच असं नाही. 'तीन दिवस' लिहिलं की लोक तीनदा कर धरतात.

'तिकीट काढा' एवढंही अपुरं. विमानतळावरून बंदरापर्यंत जाणाऱ्या ट्रामच्या २ नंबरच्या मार्गावर तिकीट काढणं आणि ते यंत्रावर नोंदवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. खिशात कोरं तिकीट असूनही दंड होतो. म्हणून 'तिकीट काढा आणि चढताच नोंदवा'.

उत्तर

'मोहमयी' चित्रपट पुरवण्यांनी घासून संपवला. कशाची झगमग ते लिहा. 'दिमाखदार' इमारतींना चालेल, 'ऐषारामी' हॉटेलांना. शहराला मात्र त्याच्या इतिहासातून शब्द मिळतो. युनेस्कोने २०२१ मध्ये नीसला जागतिक वारशात घेतलं ते रिव्हिएरावरचं, म्हणजे या भूमध्य किनारपट्टीवरचं, हिवाळी विश्रामस्थान म्हणून. आपल्याकडे थंड हवेचं ठिकाण असतं, नीसला मात्र युरोपातले श्रीमंत ऊब शोधत येत. 'उबेचं ठिकाण' हे शीर्षक द्या.

आणि 'रिव्हिएराचा किनारा' असेल तिथे 'किनारा' खोडा. इटालियनमध्ये रिव्हिएरा म्हणजेच किनारा.