क्लिअर सेल कॅन्सरच्या अहवालात ‘सीडी१० पॉझिटिव्ह’: प्रथिने तोडणारे हे विकर रोखायला हवे का?

प्रश्न: कोथरूडकर
माझ्या वडिलांच्या (वय ६८) उजव्या मूत्रपिंडातील गाठ दोन महिन्यांपूर्वी पुण्यातच शस्त्रक्रिया करून मूत्रपिंडासह काढली. अहवालात ‘क्लिअर सेल, ग्रेड २’ असे निदान असून त्याखाली ‘सीडी१० पॉझिटिव्ह, सीए-९ पॉझिटिव्ह’ अशी ओळ आहे. सीडी१० म्हणजे नेप्रिलायसिन हे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) आहे, आणि कर्करोगाच्या पेशी अशाच विकरांच्या बळावर शेजारच्या ऊतीत वाट काढतात, असे वाचनात आले. सोयाबीनमध्ये या विकरांचे अवरोधक असतात म्हणून सोसायटीतील एका काकांनी कच्च्या सोयाबीनच्या पिठाचा डबाच आणून दिला आहे. तो अजून उघडलेला नाही. ही ओळ आजार पसरण्याचे लक्षण समजावी का, आणि अवरोधकांचा काही उपयोग होईल का?

उत्तर: निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सदाशिव पेठ
ती ओळ गाठीची ओळख पटवण्यासाठी असते, तिच्यावरून पुढचे भाकीत करायचे नसते. निरोगी मूत्रपिंडातही सूक्ष्मनलिकांच्या सुरुवातीच्या भागातील पेशींच्या काठावर नेप्रिलायसिन भरपूर असते. क्लिअर सेल कर्करोग त्याच पेशींच्या घराण्यातला, म्हणून ती खूण त्याच्याकडेही येते. काचपट्टी तयार करताना पेशींतील चरबी आणि ग्लायकोजेन धुऊन जाते, त्यामुळे त्या आतून रिकाम्या दिसतात, आणि सीए-९ हे प्रथिन दाखवणारा तपकिरी रंग त्यांच्या कडांवर असा चढतो की चौकटींची वही समोर धरल्यासारखे वाटते. आपण अहवालात गाठीचा आकार, टप्पा आणि वृक्कनीलेत, म्हणजे मूत्रपिंडाच्या मुख्य शिरेत, शिरकाव झाला आहे का हे पाहावे.

उत्तर: जीवरसायनशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी
वाट काढण्याबाबत आपण वाचले ते खरे आहे, मात्र त्या संदर्भात मुख्यतः एमएमपी-२ आणि एमएमपी-९ यांची नावे येतात. ही जस्तावर चालणारी विकरे पेशींखालच्या आधारपटलातील चौथ्या प्रकारचे कोलॅजेन तोडतात आणि टिम्प नावाची प्रथिने त्यांना आवर घालतात. या कुटुंबातील पहिले विकर १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाची शेपूट विरघळते कशी, या प्रश्नाच्या शोधात सापडले. विकर रोखले की कर्करोग थांबेल, हा सरळ हिशेब मारिमास्टॅटसारख्या औषधांच्या चाचण्यांत कोलमडला: निरनिराळ्या कर्करोगांच्या रुग्णांना अपेक्षित लाभ झाला नाही, सांधे आणि स्नायू मात्र दुखू लागले. या कुटुंबातील काही विकरे गाठीला विरोधही करतात, तेव्हा सरसकट सगळ्यांना अडवणे अंगाशी येते. अवरोधक नेहमी आपल्याच बाजूचा असतो असेही नाही. पीएआय-१ हा अवरोधक गाठीत जास्त आढळला, तर अनेक कर्करोगांत आजार अधिक आक्रमक असल्याचे दिसते.

मूत्रपिंडाच्या बाबतीत तर गोष्ट उलटीच आहे, आणि मला स्वतःला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. एरवी व्हीएचएल हे प्रथिन एचआयएफ या प्रथिनावर युबिक्विटिनची, म्हणजे ‘हे तोडा’ अशी, खूण चढवते आणि प्रोटीअसोम हे पेशीतील प्रथिने तोडणारे यंत्र त्याचा चुराडा करते. बहुतेक क्लिअर सेल गाठींमध्ये व्हीएचएल निकामी झालेले असते, त्यामुळे एचआयएफ साचत जाते आणि प्राणवायू कमी पडल्याच्या भ्रमात पेशी नव्या रक्तवाहिन्या बोलावत राहते. म्हणजे येथे दुखणे सुरू होते ते तोडफोड थांबल्यामुळे. आपल्या अहवालातील सीए-९ हे एचआयएफच्याच हुकमाने तयार होणारे प्रथिन आहे. प्राणवायूची ही जाणीव उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले, आणि एचआयएफ-२ ला अडवणाऱ्या बेल्झुटिफानला अमेरिकेत २०२१ मध्ये व्हीएचएल या आनुवंशिक विकारासाठी, तर २०२३ मध्ये औषधोपचारांनंतरही वाढणाऱ्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. प्रोटीअसोमच रोखणारे बोर्टेझोमिब हे औषध मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात उपयोगी ठरले, मूत्रपिंडाच्या कर्करोगात त्याने फारसे काही साधले नाही.

उत्तर: आहारतज्ज्ञ, कर्वेनगर
कच्च्या सोयाबीनमधील अवरोधक आतड्यातील ट्रिप्सिनला अडवतात, म्हणजे आधी पचनच बिघडते. कुकरमध्ये शिजवल्यावर ते बव्हंशी निष्प्रभ होतात. एका मूत्रपिंडावर शरीर चालत असताना प्रथिने किती घ्यावीत हे रक्तातील क्रिएटिनिन पाहून डॉक्टरांनीच ठरवावे. डबा काकांना परत करावा, हवे तर चकलीच्या भाजणीत घालावा.

कोथरूडकर
सर्वांचे आभार. दुसऱ्या पानावर ‘वृक्कनीलेत शिरकाव नाही’ असे स्पष्ट लिहिले आहे. सीडी१० च्या नादात ते पान नीट वाचलेच नव्हते.