प्रतिसाद: अँडरमाटच्या लिफ्ट आणि फ्लॅट

'आल्प्समधल्या नव्या लिफ्ट (स्कीअरना डोंगरावर नेणाऱ्या) म्हणजे फ्लॅट विकायचं निमित्त' हे वरचं मत स्वित्झर्लंडमधल्या अँडरमाटच्या बाबतीत मला अर्धंच पटतं.

हे मुळात लष्करी छावणीचं गाव. सैन्य कमी झालं तशी गावाची कमाईच आटली. मग इजिप्तचे उद्योजक समीह साविरिस हॉटेलं आणि फ्लॅटचा मोठा प्रकल्प घेऊन आले. परदेशी माणसाला तिथे घर घेणं कायद्याने अवघड, पण 2006 मध्ये सरकारने या प्रकल्पाला त्यातून सूट दिली. 2013 च्या अखेरीस 'द चेडी' हे आलिशान हॉटेल सुरू झालं.

लिफ्टचं म्हणाल तर त्यांची खरोखर गरज होती. अँडरमाट आणि पलीकडचं स्कीचं गाव सेद्रून यांच्या मध्ये 2,044 मीटर उंचीची ओबराल्प खिंड. हिवाळ्यात तिथला रस्ता बंद, त्यामुळे स्की हातात धरून छोट्या लाल रेल्वेची वाट बघायची. 2018 पासून दोन्हीकडचे उतार लिफ्टने जोडले गेले, हे स्कीअरच्या थेट फायद्याचं झालं.

2022 मध्ये अमेरिकेच्या व्हेल रिसॉर्ट्स (Vail Resorts) या स्की कंपनीने लिफ्ट कंपनीतला 55 टक्के हिस्सा घेतला. ठरलेल्या 14.9 कोटी फ्रँकपैकी 11 कोटी स्की क्षेत्रातच घालायचे होते, उरलेले बांधकाम व्यवसायाकडे. म्हणजे मोठा वाटा डोंगरावरच.

माझा आक्षेप घरांवर आहे. मालक वर्षातून थोडे दिवस येणार, बाकी खिडक्या बंद. लिफ्ट चालवणाऱ्या, खोल्या आवरणाऱ्या माणसांना परवडेल अशी भाड्याची घरं किती बांधली, हे प्रत्येक नव्या इमारतीच्या मंजुरीआधी विचारलंच पाहिजे.