पुलाच्या निविदेत ‘लो-कार्बन स्टील’ची अट घालावी का?

गर्डरवाला
डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या ठरवली. टनामागे 2.2 टनांहून कमी कार्बन डायऑक्साइड म्हणजे हरित. 2.0 ते 2.2 ला तीन तारे, 1.6 ते 2.0 ला चार, त्याखाली पाच. आपली सरासरी अडीचच्या आसपास आहे. बुलेट ट्रेनचा सुरतेतला राष्ट्रीय महामार्ग 53 वरचा 70 मीटरचा पूल घ्या, 673 टन पोलाद. अडीचने धरलं तर 1,680 टन, 1.6 ने 1,080. एका स्पॅनमागे 600 टन वाचतात आणि ड्रॉइंगवरची एक रेघ हलत नाही. रेल्वेने, बांधकाम खात्याने अट घालून मोकळं व्हावं.

हीट नंबर
आधी शब्द सुधारा. नुसतं ‘लो-कार्बन’ लिहिलंत की ठेकेदार मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याचा रासायनिक तपासणीचा दाखला, पुढे करेल: कार्बन 0.18 टक्के. घ्या लो-कार्बन! आयएस 2062 या पोलादाच्या भारतीय मानकातल्या ई350 ग्रेडला (ई पुढचा आकडा म्हणजे ताकद) कमाल मर्यादाच 0.20 टक्के आहे. धातूतला कार्बन वेगळा, चिमणीतला वेगळा. शिवाय तारे कारखान्याच्या सरासरीवर ठरतात, तुमच्या प्लेटच्या हीटवर, म्हणजे भट्टीतल्या त्या एका घाण्यावर, नाही.

भट्टीकाठी
माझा विरोध अटीलाच आहे. आकडा खाली आणायचा सोपा मार्ग म्हणजे भंगार. पण भंगारातल्या मोटारींच्या तारांमधून तांबं येतं आणि ते भट्टीत काढता येत नाही. लोळा पुन्हा तापवताना वरचं लोखंड जळून खपली होतं, तांबं खपलीखाली साचतं, 1,085 अंशांना वितळून कणांच्या सीमांमध्ये शिरतं. रोलिंगला पृष्ठभागावर भेगा. कथील असेल तर आणखी वाईट. इलेक्ट्रिक आर्क भट्टीत नायट्रोजनही जास्त राहतो, शार्पी चाचणीत (धक्क्याने पोलाद किती सहज तुटतं ते पाहणारी) ते दिसतं. वर भंगार मोजकंच. पुलाने ते उचललं तर सळ्यांसाठी कोळशावरचं स्पंज आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड) वापरलं जाणार. देशाच्या हिशेबात काय वाचलं?

गर्डरवाला
वेदरिंग स्टीलमध्ये, म्हणजे स्वतःच्या गंजाचाच संरक्षक थर धरणाऱ्या पोलादात, तांबं मुद्दाम घालतात की!

भट्टीकाठी
घालतात, पण मोजून, आणि सोबत निकेल देतात म्हणून भेगा टळतात. भंगारातलं तांबं न बोलावता येतं. आणि कोकणात वेदरिंग स्टील नकोच, खाऱ्या हवेत त्याचा संरक्षक थर बसत नाही. भंगाराचा हिशेब तेवढा तुम्ही टाळलात.

स्पॅन 70
दोघंही टनाच्या दराबद्दल बोलताय, टनांबद्दल कोणी बोलत नाही. ई250 ऐवजी जास्त ताकदीचं ई410 घेऊन वजन 10 टक्के उतरवलं तर 67 टन पोलादच लागणार नाही. अडीचने 168 टन वाचले, तेही कुठल्याही ताऱ्याशिवाय.

हीट नंबर
रस्त्याच्या पुलाला चालेल. रेल्वेच्या पुलात बहुतेक ठिकाणी फटीग (वारंवार भाराने येणारा थकवा) आणि भाराखाली वाकणं निर्णायक असतं. वेल्डच्या टोकाची फटीग ताकद ग्रेडने वाढत नाही, आणि लवचिकता गुणांक (ताठपणाचं माप) सगळ्या पोलादांचा सारखाच. ग्रेड चढवून प्लेट पातळ केलीत तर गर्डर जास्त लवणार. शिवाय ग्रेड चढला की कार्बन इक्विव्हॅलंट (वेल्डिंग किती अवघड ते सांगणारा आकडा) वाढतो. जाड प्लेटला प्रीहीट, म्हणजे वेल्डआधी तापवणं, चुकलं तर वेल्डशेजारी हायड्रोजनची भेग पडते, आणि ती दुसऱ्या दिवशी उघडते.

गर्डरवाला
भंगाराचं मान्य, म्हणून सक्ती सोडतो. बोलीच्या मूल्यमापनात टनामागच्या उत्सर्जनाला पैसे लावा. ज्याचा आकडा कमी, त्याची बोली तेवढी स्वस्त धरायची. रासायनिक मर्यादा आणि शार्पी मात्र सगळ्यांना सारखी, तांब्याची कमाल टक्केवारी निविदेतच लिहायची.

भट्टीकाठी
हे ऐकण्यासारखं आहे. पण मोजणार कशावर? 673 हा उभ्या पुलाचा आकडा. गसेट प्लेटा (सांध्यावरच्या जोडपट्ट्या) तिरक्या कापल्या की कोपऱ्यांचे तुकडे उरतात, म्हणजे खरेदी त्याहून जास्तच. हिशेब कारखान्याच्या गेटवरच्या वजनकाट्यावर झाला पाहिजे, नाहीतर ठेकेदार उभ्या पुलाचंच वजन दाखवणार.