सुट्टीत संज्ञापनाचा (कम्युनिकेशनचा) ऑनलाइन कोर्स केला तर क्रेडिट धरतात का?

प्रश्न (ऐरोली): एसवायबीएची परीक्षा संपली. मे महिन्यात संज्ञापन किंवा समाजशास्त्राचा ऑनलाइन कोर्स केला तर कॉलेज क्रेडिट देईल का?

उत्तर १ (ठाणे): देऊ शकतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४०% पर्यंत कोर्स ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून घेता येतात, पण तो कोर्स कॉलेजने मान्य केलेला हवा. नोंदणीआधीच विभागप्रमुखांची लेखी मान्यता घ्या. नंतर गेलात की कागद हमखास अडतो.

उत्तर २ (वाशी): ताई, ‘स्वयम’वरच्या एनपीटीईएलची (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सची) सत्रं जानेवारी आणि जुलैची, मेची नाहीत. जुन्या कोर्सचे व्हिडिओ मात्र खुले असतात, ते आत्ताच ऐकून ठेवा. १२ आठवड्यांच्या कोर्सला ३ क्रेडिट. असाइनमेंटला २५ गुण (१२ पैकी सर्वोत्तम ८ धरतात), केंद्रावरच्या परीक्षेला ७५. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. मुलं फसतात ती इथे: कोर्सची नोंदणी फुकट, पण परीक्षेचा फॉर्म आणि फी वेगळी. तो फॉर्म राहिला की सगळी मेहनत पाण्यात.

उत्तर ३ (कळवा): एबीसी आयडीवरचं (क्रेडिट जमा होतात त्या खात्यावरचं, आधारशी जोडलेलं) नाव मार्कशीटशी जुळवून बघा. आधारवर ‘संदीप’ आणि मार्कशीटवर ‘संदिप’ असेल तर आधी दुरुस्ती करा.