कॉर्न स्नेकची अंडी घरी उबवावीत का, आणि उबवायची झाल्यास कशी?

शेवंती, लेस्टर (इंग्लंड)

नमस्कार. आमच्या घरी कॉर्न स्नेक या बिनविषारी पाळीव सापाची एक प्रौढ मादी आहे. ती या वर्षीच आमच्याकडे आली. आधीच्या कुटुंबात ती एका नराबरोबर एकाच पेटीत राहत होती. गेल्या महिन्यात तिने खाणे बंद केले, नंतर कात टाकली, आणि त्यानंतर ओलसर शेवाळ भरून ठेवलेल्या डब्यात ती सारखी जाऊन बसू लागली. आज सकाळी त्या डब्यात अंड्यांचा पुंजका दिसला. बहुतेक अंडी पांढरीशुभ्र आणि टपोरी आहेत. तीन मात्र लहान, पिवळसर आणि मेणाच्या गोळ्यांसारखी आहेत. चार-पाच अंडी एकमेकांना घट्ट चिकटलेली आहेत.

मुलांना पिल्ले पाहण्याची फार उत्सुकता आहे, पण नुसत्या उत्सुकतेपोटी हे करावे की नाही, याचा निर्णय मला अजून घेता आलेला नाही. महागडे यंत्र न घेता घरच्या घरी अंडी नीट उबवता येतात का? चिकटलेली अंडी सोडवावीत का? माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या आहेत. त्यांचे म्हणणे असे, की अंडी रोज फिरवली नाहीत तर पिल्लू आत चिकटून बसते. सापाच्या अंड्यांनाही तोच नियम आहे का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

गारवेल, ब्रिस्टल

शेवंतीताई, सासूबाईंच्या मुद्द्याचे उत्तर आधी देतो, कारण ते आजच कळणे गरजेचे आहे. कोंबडीच्या अंड्याबाबत त्या म्हणतात ते अगदी बरोबर आहे. सापाच्या अंड्याबाबत मात्र नेमके उलटे आहे. पक्ष्याच्या अंड्यात पिवळा बलक दोन पीळदार दोऱ्यांवर तोललेला असतो, त्यामुळे अंडे फिरवले तरी भ्रूण पुन्हा वरच्या बाजूला येतो. सापाच्या अंड्यात तशी सोय नसते. अंडी घातल्यानंतर साधारण एक-दोन दिवसांत भ्रूण वरच्या बाजूच्या पडद्याला टेकतो आणि तेथेच त्याच्या रक्तवाहिन्यांचे जाळे पसरू लागते. त्यानंतर अंडे उलटले, तर हे जाळे तुटून किंवा बलकाचा भार भ्रूणावर येऊन पिल्लू दगावू शकते. म्हणून आत्ता ज्या स्थितीत अंडी आहेत, त्याच स्थितीत प्रत्येकाच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने एक लहानशी खूण करा आणि ती खूण शेवटपर्यंत वरच राहील, याची काळजी घ्या. चिकटलेली अंडी सोडवू नका. त्यांचे कवच चामड्यासारखे मऊ असते आणि ओढाताणीत ते फाटते. तो पुंजका आहे तसाच उचलून ठेवला तरी चालतो.

त्या तीन पिवळसर गोळ्यांत बहुधा काही नाही. ती न फळलेली अंडी असावीत. बाकीच्यांची परीक्षा आठवडाभराने करा. खोलीत पूर्ण अंधार करून मोबाइलचा दिवा अंड्याच्या बाजूला अलगद टेकवा, अंडे मात्र जागचे हलवू नका. फळलेल्या अंड्यात गुलाबीसर उजेड पडतो आणि त्यात तांबड्या रेशमी धाग्यांसारख्या शिरा एका ठिपक्यापासून फुटत गेलेल्या दिसतात. न फळलेले अंडे मात्र सगळीकडे सारखेच पिवळे उजळते.

आता उबवावीत की नाही, याबद्दल. मुलांची उत्सुकता मला समजते, पण हा निर्णय आज-उद्यातच घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. कॉर्न स्नेक नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. प्रत्येक पिल्लाला स्वतंत्र डबा लागतो, कारण एकत्र ठेवलेली पिल्ले क्वचित एकमेकांना गिळण्याचाही प्रयत्न करतात. इंग्लंडमधल्या प्राण्यांच्या आश्रयसंस्थांत कॉर्न स्नेक नेहमीच असतात, त्यामुळे जास्तीची पिल्ले कोणीतरी नेईलच, असे गृहीत धरता येत नाही. व्यवसाय म्हणून विकायची असतील तर स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, आणि बाहेर सोडून देणे हा तर १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ज्यांना घरे मिळण्याची खात्री आहे तेवढीच अंडी ठेवून उरलेली पहिल्या एक-दोन दिवसांत, म्हणजे भ्रूण अगदी प्राथमिक अवस्थेत असताना, गोठवून टाकणे हा मार्ग साप पाळणारे अनेक जबाबदार लोक स्वीकारतात. ऐकायला तो कठोर वाटतो, परंतु घर न मिळालेल्या पिल्लांच्या वाट्याला जे येते त्यापेक्षा तो मला अधिक दयेचा वाटतो.

उबवायचे ठरवले, तर यंत्र विकत घेण्याची खरोखरच गरज नाही. मासे विकणाऱ्या दुकानात थर्मोकोलची जाड खोकी मिळतात. तशा खोक्याच्या तळाशी हीट मॅट (विजेवर गरम होणारी चटई) अंथरा, ती थर्मोस्टॅटला (तापमान स्थिर ठेवणाऱ्या उपकरणाला) जोडा आणि थर्मोस्टॅटचा संवेदक अंड्यांच्या डब्याला अगदी लागून ठेवा. अंड्यांसाठी झाकणाचा एक साधा प्लास्टिकचा डबा घेऊन त्यात व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारे हलके खनिज) आणि पाणी समान वजनाने कालवून घाला. मूठभर मिश्रण दाबल्यावर ते हाताला ओले लागावे, पण बोटांतून पाणी टपकू नये, इतकाच ओलावा पुरे. अंडी त्यात अर्धी रोवा. डब्याच्या बाजूला एक-दोन बारीक भोके ठेवा आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदला. झाकणाला धरलेले पाणी थेंबाथेंबाने अंड्यांवर पडू नये म्हणून डबा किंचित तिरपा ठेवा. अंड्यावर साचलेले पाणी त्याचा श्वास कोंडते.

तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहिले, तर पिल्ले साधारण दोन महिन्यांत बाहेर येतात. २६ अंशांवर ती उशिरा येतात, पण सहसा सुदृढ असतात. ३२ अंशांच्या वर मात्र कण्यात वाक असलेली किंवा आतच मेलेली पिल्ले निघण्याचा धोका वाढतो, म्हणून चूक व्हायचीच असेल तर ती थंडीकडे झालेली बरी. मगर आणि कासवांच्या अंड्यांत तापमानावर नर-मादी ठरते, तसे सापांत होत नाही, तेव्हा त्यासाठी तापमान बदलण्याच्या फंदात कोणी पडू नये. येथील जुन्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचे जे कपाट असते, त्यात पूर्वी लोक अंडी ठेवत. पण रात्री बॉयलर बंद झाला की तेथील तापमान बरेच खाली येते. अंडी ठेवण्यापूर्वी रिकामा डबा एक दिवस चालवून पाहा आणि थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबून न राहता वेगळा तापमापक आत ठेवा. ही एवढी एक गोष्ट मनापासून केली, तर बाकीचे बरेचसे अंडी स्वतःच निभावून नेतात.

औदुंबर, कार्डिफ (पशुवैद्यक)

वरील माहिती योग्य आहे. मला मादीबद्दल लिहायचे आहे, कारण अशा वेळी सर्वांचे लक्ष अंड्यांकडे जाते. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. भारतीय अजगराची मादी तर स्नायू थरथरवून त्यांना ऊबही देते. कॉर्न स्नेकमध्ये असे काही नसते, त्यामुळे अंडी बाजूला काढल्याने तिचे काहीही बिघडत नाही.

आज तिला दोन्ही हातांवर घेऊन पोटावरून हळूच बोटे फिरवा. मागच्या भागात एखादा कडक उंचवटा लागला, तर अंडे अडकलेले असू शकते. बाकीची अंडी घालून दोन दिवस उलटले तरी तो उंचवटा तसाच असेल, किंवा ती सुस्त पडून राहू लागली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे न्या. बोटांनी दाबून अंडे बाहेर काढण्याचा प्रयत्न घरी मुळीच करू नका. त्यात अंडनलिका फाटते. ती ठीक असेल, तर पहिल्या आठवड्यांत नेहमीपेक्षा लहान उंदीर थोड्या-थोड्या अंतराने द्या. अंडी घातल्यावर तिच्या कण्याची धार वर आलेली दिसते, ती हळूहळू भरून यायला हवी. मादी शुक्राणू बराच काळ साठवून ठेवू शकते, त्यामुळे नराशिवायही काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा अंडी येण्याची शक्यता असते. शेवाळाचा डबा म्हणूनच काढून टाकू नका. अंडी, पिल्ले किंवा पेटी हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुऊन घ्या, कारण सापांच्या शरीरावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यांचा त्रास अधिक होतो.

निर्गुडी, एडिसन (न्यू जर्सी)

अमेरिकेतील वाचकांसाठी एक गोष्ट लिहून ठेवते. कॉर्न स्नेक हा आग्नेय अमेरिकेतील साप आहे, आणि म्हणूनच काही राज्यांत तो पाळीव प्राणी नसून संरक्षित वन्यजीव ठरतो. आमच्या न्यू जर्सीत तो संकटग्रस्त यादीत आहे आणि परवान्याशिवाय ठेवता येत नाही. जॉर्जियातही स्थानिक बिनविषारी साप घरी पाळण्यास मनाई आहे. दुकानात सहज मिळतो, म्हणजे आपल्या राज्यात चालतो, असा अर्थ काढू नये.

रानवाट, सांगली

हा धागा भारतातील लोकही वाचतील, म्हणून लिहितो. मी सर्पमित्र म्हणून काम करतो. आपल्याकडील धामण, नाग, दिवड, अजगर यांपैकी कोणताही साप किंवा त्याची अंडी घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. येथे हौसेला जागा नाही. बॉल पायथनसारखे परदेशी साप ज्यांच्याकडे आहेत, त्यांना २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि घरी पिल्ले झाली तर त्यांच्या जन्माचीही नोंद करावी लागते.

तरीही अंडी उबवण्याची वेळ आमच्यावर येते. उन्हाळ्यात जुने घर पाडताना, विटांचा ढीग हलवताना किंवा उसाच्या बांधावर जेसीबी लागला की अंडी उघडी पडतात. अंड्यांना धोका नसेल तर ती आहेत तेथेच झाकून ठेवणे सर्वांत चांगले. तसे शक्य नसेल तर वनविभागाला कळवून, त्यांच्या परवानगीनेच आम्ही ती उचलतो. येथेही वरची बाजू वरच ठेवण्याचा नियम तोच. डब्यात शक्यतो त्याच जागेची भुसभुशीत माती घेतो. मे-जूनमध्ये आमच्या भागात सावलीच्या खोलीचे तापमान अंड्यांना पुरेसे असते, त्यामुळे हीट मॅट लागत नाही. उलट पत्र्याच्या खोलीत अंडी शिजून जातील याची भीती अधिक असते. पाऊस सुरू झाल्यावर पिल्ले निघतात. त्यांना काही खाऊ न घालता, वनविभागाच्या सांगण्यानुसार, अंडी सापडली त्या परिसरातच सुरक्षित जागी सोडतो. एक गोष्ट कळकळीने सांगतो: नागाचे पिल्लू अंड्यातून डोके बाहेर काढते तेव्हापासूनच विषारी असते आणि फणाही काढते. दिवड समजून नागाची अंडी घरी आणणाऱ्याने केवढा धोका पत्करला आहे, हे त्याला डबा उघडल्यावरच कळते. घोणस तर अंडी न घालता थेट पिल्लेच देते, तेव्हा सापडलेली अंडी घोणशीची असल्याचे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

शेवंती, लेस्टर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही बसून विचार केला. ओळखीतल्या दोन घरांनी पिल्ले घेण्याची तयारी दाखवली, तेवढ्यापुरतीच सहा अंडी ठेवली आणि बाकीची त्याच दिवशी गोठवली. मादी व्यवस्थित खात आहे. पेन्सिलीच्या खुणा सासूबाईंनीच केल्या. दिव्याच्या उजेडात पाच अंड्यांत शिरा दिसल्या. सहावे अंडे पिवळे पडले असून त्यावर हिरवट बुरशी आली आहे, आणि ते दुसऱ्या अंड्याला चिकटलेले आहे. शिवाय दोन अंड्यांवर खळगे पडले आहेत. अजून निम्माही काळ झालेला नाही. काय करावे?

गारवेल, ब्रिस्टल

बुरशी आलेले अंडे मेलेले आहे, पण शेजारच्या जिवंत अंड्याला चिकटलेले असल्यामुळे ते ओढून काढू नका. जिवंत अंडे बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही. कापसाने वरची बुरशी टिपून घ्या आणि त्या जागी थोडे कोरडे व्हर्मिक्युलाइट भुरभुरवा.

खळग्यांचे मात्र लगेच पाहा. शेवटच्या दोन आठवड्यांत अंडी चेपतात, ते स्वाभाविक असते; इतक्या लवकर चेपली तर डबा सुकत चालला आहे. डब्याचे वजन सुरुवातीला केले असेल तर आता पुन्हा करा. जेवढे कमी भरेल तेवढे पाणी गेले. खोक्यातच कोमट होऊ दिलेले पाणी डब्याच्या कडेने मिश्रणात सोडा, अंड्यांवर नको. एक-दोन दिवसांत खळगे भरून येतील.

पुढचे आत्ताच सांगून ठेवतो, कारण त्या वेळी घाई होते. पिल्लाच्या वरच्या ओठाच्या टोकाशी एक बारीक दात असतो, त्याने ते कवचाला चीर पाडते. चिरेतून थोडा चिकट द्रव येतो, बुडबुडा दिसतो, मग टाचणीच्या डोक्याएवढे नाकाचे टोक बाहेर येते. त्यानंतर ते एक-दीड दिवस, कधी दोन दिवस, तसेच बसून राहते आणि उरलेला बलक पोटात ओढून घेते. या काळात मुलांनी कितीही आग्रह केला तरी त्याला बाहेर ओढू नका. बलकाची पिशवी फाटली तर पिल्लू वाचत नाही. डबा वारंवार उघडलात तर ते घाबरून पुन्हा आत जाते, म्हणून झाकणावरूनच पाहावे.

बाहेर आलेल्या पिल्लाला ओल्या कागदी रुमालाच्या वेगळ्या डब्यात ठेवा, उथळ वाटीत पाणी द्या आणि आठवडा-दहा दिवसांनी पहिली कात टाकेपर्यंत खायला देऊ नका; तोवर पोटातला बलक पुरतो. नंतर गोठवलेले, लव न आलेले उंदराचे सर्वांत लहान पिल्लू पूर्णपणे वितळवून, किंचित कोमट करून, संध्याकाळी डब्यात ठेवा आणि दिवा मालवून रात्रभर तिकडे जाऊ नका. सकाळी ते तसेच राहिले असेल तर टाकून द्या आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा द्या. पहिल्या खेपेस न खाणारी पिल्ले बरीच असतात. तीन-चार वेळा नाकारले आणि अंग बारीक दिसू लागले, तर औदुंबर यांच्यासारख्या पशुवैद्यकाला दाखवा.